पहिल्या रात्रीचा तपास

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आहे. त्याच्या उत्तर भागात प्रिन्स जॉर्ज या गावापासून समुद्रकाठच्या प्रिन्स रूपर्टपर्यंत एक रस्ता जातो, हायवे १६. लांबी सुमारे ७२० किलोमीटर, म्हणजे आपल्या समृद्धी महामार्गापेक्षा थोडी जास्त. वाटेत व्हँडरहूफ, फ्रेझर लेक, बर्न्स लेक, ह्यूस्टन, स्मिथर्स, हेझल्टन, टेरेस अशी लहान गावं लागतात. दोन गावांच्या मधे स्प्रूस आणि पाइनचं जंगल, आणि समुद्राच्या बाजूला सरकावं तसे सीडर आणि हेमलॉक. टेरेसच्या पुढे एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला स्कीना नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता आणि रेल्वेचे रूळ. लाकूडतोडीसाठी काढलेले मातीचे फाटे या रस्त्यावरून दोन्ही बाजूंना आत जातात आणि कितीतरी फाटे कुठल्याही गावाला न पोचता जंगलातच संपतात.

या रस्त्यावरून आणि त्याला जोडलेल्या रस्त्यांवरून बायका आणि मुली नाहीशा होत आल्या आहेत. आरसीएमपी, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांच्या यादीत १९६९ ते २००६ या काळातल्या १८ जणी आहेत. १३ खून, ५ बेपत्ता. १८ पैकी १० जणी आदिवासी. तिथले आदिवासी समाज म्हणतात की खरा आकडा ४० च्या पुढे आहे. त्यांनीच या रस्त्याला 'हायवे ऑफ टिअर्स' म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव आता जगभर रूढ झालं आहे.

माझे मामा महाराष्ट्र पोलिसांत होते. तपास हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. मी या रस्त्याबद्दलचे अहवाल वाचत होते, तेव्हा एकेक करून त्यांनाही वाचायला देत गेले. आमचं पटलं नाही. कुठे पटलं नाही आणि का, ते इथे मांडते आहे, कारण त्या न पटण्यातून मला हा विषय जास्त कळला.

मामा : तू दिलेलं सगळं वाचलं. आधी त्या यादीबद्दल बोलतो. १८ जणींना एका यादीत कशाच्या आधारावर घातलं? बाई असली पाहिजे, लिफ्ट मागत असावी किंवा तसल्याच जोखमीत असावी, आणि १६, ९७ किंवा ५ या तीन महामार्गांपैकी एखाद्याच्या मैलभर अंतरात शेवटची दिसलेली किंवा सापडलेली असावी. हे तीन रस्ते मिळून केवढा मुलूख होतो ते नकाशावर बघ. त्यात सदतीस वर्षांचा काळ. अगं, ही काय एका तपासाची यादी झाली?

मी : २००५ साली पोलिसांनी खास पथक नेमलं. त्यांना बघायचं होतं की यामागे एकच माणूस आहे का. सुरुवातीला ९ जणी होत्या, २००७ साली १८ झाल्या.

मामा : तेच म्हणतोय मी. एकच माणूस. पेपरवाल्यांना आवडतं, सिनेमावाल्यांना आवडतं. जंगलात एक सैतान फिरतोय आणि रस्ता माणसं गिळतोय. तपासाचं यात नुकसान होतं. प्रत्येक मुलीची केस वेगळी असते. शेवटचं कोणी पाहिलं, कोणती गाडी, कोणाशी भांडण, कोणाकडे निघाली होती. अठरा फाइली एकत्र बांधल्या की प्रत्येक फाइल अठरावा हिस्सा होते.

मी : मला यादीबद्दल दुसरी तक्रार आहे. ती फार लहान आहे. १९८९ च्या ऑगस्टमध्ये प्रिन्स जॉर्जमधलं एक अख्खं आदिवासी कुटुंब नाहीसं झालं. आईबाप आणि दोन लहान मुलगे. कोणीतरी लाकूडतोडीच्या कॅम्पवर काम देतो म्हणाला, ते रात्री निघाले, घरी फोन केला, आणि त्यानंतर चौघांपैकी कोणीही दिसलं नाही. ते या यादीत नाहीत, कारण लिफ्ट मागणारी एकटी बाई या निकषात ते बसत नाहीत.

मामा : चार माणसं? मुलांसकट?

मी : मुलांसकट.

मामा : काम देणारा कोण होता, ते निघालं?

मी : नाही.

इथे मामा थोडा वेळ पुढचं बोलले नाहीत. मग त्यांनी त्या कुटुंबाबद्दल बरेच प्रश्न विचारले. कॅम्प कोणता, कंत्राटदार कोण, त्या महिन्यात त्या भागात किती कॅम्प चालू होते. माझ्याकडे उत्तरं नव्हती. त्यांचा स्वभाव असा आहे की मोठ्या विषयातला एक धागा हाताला लागला की बाकीचं ते बाजूला ठेवतात. चर्चेत हे अडचणीचं होतं, पण ज्या माणसाच्या हातात माझ्या घरच्या कुणाची फाइल असेल तो असाच असावा असं मला वाटतं.

मामा : आता सुटलेल्या केसचं बोल. त्यातून कळतं काय चुकलं ते.

मी : १९७४ साली एक १६ वर्षांची मुलगी मैत्रिणीकडे जायला लिफ्ट मागत निघाली. महिन्याभराने प्रेत सापडलं. अडतीस वर्षांनी, २०१२ मध्ये, जपून ठेवलेल्या कपड्यावरच्या डीएनएवरून खुनी कळला. अमेरिकन माणूस, २००६ सालीच ओरेगॉनच्या तुरुंगात मेलेला. १९७४ मध्ये तो प्रिन्स जॉर्जला छपरं घालणाऱ्यांकडे कामाला होता.

मामा : हे बघ. पहिलं, कोणीतरी तो कपडा अडतीस वर्षं नीट ठेवला. त्या वेळी डीएनए कुणाला माहीत नव्हतं, तरी मुद्देमाल जपला. त्या माणसाला मी सलाम करतो. दुसरं, खुनी तिथला नव्हताच. हंगामी कामाला आलेला, काम संपल्यावर निघून गेलेला. सगळ्या जगात अनोळखी माणसाने केलेला खून सगळ्यांत अवघड असतो. मयताचा आणि त्याचा काही संबंध नसतो, म्हणून ओळखीच्या माणसांना विचारून हाती काही लागत नाही. हे पोलिसांचं पाप नाही, गुन्ह्याचा प्रकारच तसा आहे.

मी : पण मग त्या भागात अनोळखी माणसं एवढी का येतात ते बघायला नको? लाकूड, खाणी, आता गॅसची पाइपलाइन. शेकडो पुरुषांचे कॅम्प, हातात रोख पैसा, काम संपलं की प्रांताबाहेर. शेजारी आदिवासी वस्त्या, ज्यांत मुलींकडे गाडी नाही आणि कित्येक वर्षं बसही नव्हती. बेपत्ता आणि खून झालेल्या आदिवासी बायकांवरच्या राष्ट्रीय चौकशी आयोगाच्या २०१९ च्या अहवालात या कॅम्पांबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. त्यात न्यायासाठीच्या २३१ मागण्या आहेत.

मामा : २३१! अगं, २३१ गोष्टी कर म्हणून कुठल्या अधिकाऱ्याला सांगितलं तर तो एकही करत नाही.

मी : बरं, एकच घ्या. बस.

या रस्त्याच्या काठच्या गावांतल्या बाईला दवाखाना, कोर्ट, सरकारी कचेरी, स्वस्त किराणा यांसाठी दुसऱ्या गावी जावं लागतं. दुसरं गाव तीस किलोमीटरवर असू शकतं, शंभरावरही. रस्त्याकडेला उभं राहून अंगठा दाखवणं हा तिथल्या गरिबाचा प्रवास आहे. धाडसाची हौस म्हणून कोणी ते करत नाही. २००६ च्या मार्चमध्ये प्रिन्स जॉर्जला कुटुंबं, आदिवासी संघटना आणि पोलीस यांची परिषद झाली. तिच्या अहवालात ३३ शिफारशी होत्या आणि पहिलीच होती ती या रस्त्यावर बसची. २०१२ च्या डिसेंबरात व्हँकुव्हरमधल्या बेपत्ता बायकांवरचा चौकशी अहवाल आला. तो लिहिणारे वॅली ओपल हे पंजाबी कुटुंबात जन्मलेले माजी न्यायाधीश. त्यांनीही लिहिलं की हायवे १६ वरच्या सुरक्षित वाहतुकीचं काम ताबडतोब हाती घ्या. पहिली बस धावली जानेवारी २०१७ मध्ये, स्मिथर्स ते विटसेट. त्याच वर्षी बाकीचे टप्पे सुरू झाले. म्हणजे पहिल्या शिफारशीपासून जवळजवळ अकरा वर्षांनी. आणि २०१८ च्या उन्हाळ्यात ग्रेहाउंड या खासगी कंपनीने उत्तरेतल्या आपल्या लांबच्या बस बंद केल्या, तेव्हा प्रांत सरकारला पुन्हा धावपळ करावी लागली.

मामा : बस हवीच. आपल्याकडे गावची एसटी बंद झाली की पोरींची शाळा बंद होते, मला ते शिकवायला नको. पण बसने खुनी पकडला जातो का? तू मला एकदा सरळ सांग. बस चालू झाली आणि खुनी गावात मोकळा राहिला, हे तुला चालेल?

मी : चालणार नाही. पण पुढची मुलगी त्याच्या गाडीत बसणार नाही.

मामा : एक बसणार नाही. तो दुसरी शोधेल.

मी : दुसरी शोधायला त्याला वेळ लागेल, आणि तेवढ्यात तो चुकेल. मामा, या रस्त्यावर एक मोठा फलक आहे. त्यावर मुलींना सांगितलंय की लिफ्ट मागू नका, खुनी मोकळा आहे. मला तो फलक बघून संताप येतो. ज्या मुलीला लिफ्ट मागावी लागते तिला हे माहीत नसतं का? तिच्या घरातलं कोणी ना कोणी या रस्त्याने गेलेलं असतं. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने तिला सांगायचं की तू चालत जा.

मामा : फलक तिथल्याच लोकांनी लावला असेल तर? आईबापांनी?

मी : लावला असेल. त्यांच्या हातात फलकच होता. बस सरकारच्या हातात होती.

यावर मामांनी मान हलवली. मग मी त्यांना ईमेलची हकीकत सांगितली. माझ्या अपेक्षेपेक्षा ते जास्त तापले. प्रांताच्या वाहतूक मंत्रालयात या रस्त्याविषयीच्या बैठकांबद्दल माहिती मागणारा अर्ज आला होता. मंत्रालयातल्या एका माजी कर्मचाऱ्याने पुढे तक्रार केली की त्याच्या डोळ्यांसमोर या विषयावरचे ईमेल संगणकावरून कायमचे पुसले गेले. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये माहिती आयुक्तांचा अहवाल आला आणि तक्रार खरी निघाली. एका मंत्रालयीन सहायकाने शपथेवर खोटं सांगितलं होतं. त्याला २५०० डॉलर दंड झाला.

मामा : दंड! पुरावा नष्ट केला की आम्ही कलम २०१ लावायचो.

मी : खुनाचा पुरावा नव्हता हो तो. बसच्या बैठकांचे कागद.

मामा : कशाचे का असेनात. ज्या विषयात माणसं मेली आहेत त्या विषयाचा कागद हा पुरावाच. ठाण्यात हवालदाराने डायरीचं पान फाडलं तर त्याची नोकरी जाते.

यानंतर मामांनी त्यांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा काढला. आरसीएमपीने २०१४ साली देशभरच्या पोलिसांकडून आकडे गोळा केले होते. १९८० ते २०१२ या काळात १०१७ आदिवासी बायकांचे खून, शिवाय शोध न लागलेल्या १६४ जणी, एकूण ११८१. पण त्याच अहवालात आहे की आदिवासी बायकांच्या खुनांपैकी ८८ टक्के उलगडले आणि बाकीच्या बायकांच्या खुनांपैकी ८९ टक्के.

मामा : एका टक्क्याचा फरक. मग पोलीस आदिवासी बायकांचा तपासच करत नाहीत, हे कुठून आलं?

मी : त्याच अहवालात हेही आहे की कॅनडातल्या बायकांमध्ये आदिवासी ४.३ टक्के, आणि खून झालेल्या बायकांमध्ये १६ टक्के.

मामा : ते मान्य. पण तो समाजाचा प्रश्न झाला. मी तपासाचं विचारतोय. आकडा तुझ्या बाजूचा नाही म्हणून तू वळसा घालतेस.

मी : वळसा नाही. हे टक्के कशाचे आहेत ते बघा. ज्या मृत्यूची खून म्हणून नोंद झाली त्यांचे. बहुतेक खून घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाने केलेले, ते लवकर उलगडतात, तुम्हीच म्हणालात. मी बोलतेय ते त्याच्या आधीचं. मुलगी घरी आली नाही, आई ठाण्यात गेली, आणि तिला सांगितलं की गेली असेल कुठेतरी पार्टीला, येईल. तिथे खून नाही, प्रेत नाही, टक्क्यांत धरायला काहीच नाही. जी सापडतच नाही ती ८८ मध्येही नसते आणि उरलेल्या १२ मध्येही नसते.

मामा : हां. हे बरोबर आहे.

मामांनी 'बरोबर आहे' म्हटलं की ते लगेच पुढे त्यांच्या कामातलं काहीतरी सांगतात. या वेळी जे सांगितलं ते या लेखासाठी महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर देते.

मामा : आपल्याकडे पूर्वी अल्पवयीन मुलगी गेली तरी नुसती मिसिंगची नोंद व्हायची. रजिस्टरला नाव, अंगावरचे कपडे, उंची. बिनतारी संदेश गेला, फोटो लावला, संपलं. गुन्हाच नाही म्हटल्यावर तपास कशाचा? मग २०१३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने 'बचपन बचाओ आंदोलन'च्या खटल्यात सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा मानवी वाहतूक झाली असंच धरून गुन्हा नोंदवा. त्यानंतर आमच्याकडे कलम ३६३ लागायला लागलं. त्याने काय झालं? गुन्हा नंबर पडला. नंबर पडला की तपासी अंमलदार नेमावा लागतो, केस डायरी लिहावी लागते, वरिष्ठ दर आठवड्याला विचारतात. पोरगी मैत्रिणीकडेच निघाली तर गुन्हा काढून टाकता येतो, कोणाचं काही जात नाही. पण खरंच कोणी नेली असेल तर पहिल्या रात्रीच टोलनाका, एसटी स्टँड, लॉज, सगळीकडे माणूस जातो. पहिली रात्र गेली की गाडी दुसऱ्या राज्यात जाते.

मी : मग मी हेच तर सांगतेय. त्या रस्त्यावर पहिली रात्र वाया गेली.

मामा : पण एक अडचण आहे, ती तू टाळू नकोस. तुझ्या यादीत विशीच्या पुढच्याही आहेत. सज्ञान बाईला घर सोडून जायचा हक्क आहे. नवरा मारतो म्हणून गेली, तर मी तिला अपहरणाच्या कलमाखाली शोधून त्याच नवऱ्याच्या ताब्यात देऊ? अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. तक्रार द्यायला तोच येतो, हात जोडून. म्हणून सज्ञान बाईच्या बाबतीत पोलीस थांबतात, ते सगळंच दुर्लक्ष नसतं.

मी : शोधणं आणि ताब्यात देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती जिवंत आहे, स्वतःच्या मर्जीने गेली आहे, एवढं बघून परत यायचं. पत्ता कोणाला सांगायचा नाही.

मामा : त्यासाठी तिने पोलिसाला दार उघडायला हवं.

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं, आणि खरं तर याच जागी आमचं बोलणं रस्त्यावरून दुसरीकडे वळलं. दार कोण उघडेल? २००४ साली प्रिन्स जॉर्जच्या एका प्रांतिक न्यायाधीशाने कबुली दिली की ज्या अल्पवयीन आदिवासी मुली त्याच्या कोर्टात येत, त्यांच्यावरच त्याने लैंगिक अत्याचार केले होते. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. २०१३ च्या फेब्रुवारीत 'ह्यूमन राइट्स वॉच'ने उत्तर ब्रिटिश कोलंबियातल्या आदिवासी बायकांच्या मुलाखतींवरून अहवाल काढला. त्यात खुद्द पोलिसांकडून मारहाण आणि अत्याचार झाल्याचे आरोप होते. मामांनी तो अहवाल वाचला होता आणि त्यांचा आक्षेप सरळ होता. बायकांची नावं नाहीत, पोलिसांची नावं नाहीत, तर चौकशी करायची कोणाची? मी म्हटलं, नाव दिलं तर त्या मुलीला त्याच गावात, त्याच पोलिसासमोर राहायचंय. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २०१८ मध्ये आरसीएमपीच्या आयुक्तांनी राष्ट्रीय चौकशी आयोगासमोर कुटुंबांची माफी मागितली.

पण अविश्वास त्याहून जुना आहे. फ्रेझर लेकच्या काठी, आज जिथून हायवे १६ जातो तिथेच, लेजॅक नावाची निवासी शाळा होती. १९२२ ते १९७६. आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून अशा शाळांत ठेवायचं, त्यांची भाषा बंद करायची, हे सरकार आणि चर्चचं धोरण होतं. मुलं घेऊन जायला पोलीस येत. १९३७ च्या १ जानेवारीला लेजॅकमधून चार लहान मुलगे पळाले. नव्या वर्षाला त्यांना घरी जायचं होतं. कडाक्याची थंडी होती, त्यांनी गोठलेल्या तळ्यावरून चालायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी ते बर्फावर मेलेले सापडले, गावाच्या अगदी जवळ. मृत्यूच्या चौकशीत पंचांनी नोंदवलं की मुलं नाहीशी झाल्याचं कळलं त्याच रात्री शाळेने अधिक ठोस हालचाल करायला हवी होती.

हे मी मामांना वाचून दाखवलं.

मामा : त्याच रात्री. १९३७ मध्ये पंचांनी लिहिलंय हे?

मी : १९३७ मध्ये.

मामा : मग पुढे सगळं माहीत असून झालंय.

मी : म्हणून मला 'जंगलात गायब झाल्या' हे वाक्य ऐकवत नाही. जंगलाचा यात काय दोष?

मामा : जंगलाचा दोष नाहीच. उलट जंगल सगळं जपून ठेवतं, तुला माहीत नाही. गावात पावलाचा ठसा तासाभरात पुसला जातो. तूच ती २०१० ची केस दिली होतीस.

ती केस अशी. नोव्हेंबरची रात्र, व्हँडरहूफच्या उत्तरेला हायवे २७. एका नव्या पोलीस शिपायाला लाकूडतोडीच्या फाट्यावरून एक पिकअप गाडी वेगात मुख्य रस्त्यावर येताना दिसली. एवढ्या रात्री त्या फाट्यावर कोणाचं काय काम, म्हणून त्याने ती थांबवली. गाडीत रक्त दिसलं. चालक म्हणाला, हरण मारलं. चोरटी शिकार असावी असं समजून वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याला बोलावलं. तो ताज्या बर्फावरच्या चाकांच्या खुणा धरून उलटा आत गेला. हरण नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलीचं प्रेत होतं. त्या तरुणावर पुढे चार खून सिद्ध झाले, २०१४ साली. चौघींपैकी एकीचा देह कधीच मिळाला नाही.

मामा : काय केलं त्या पोराने? काही मोठं नाही. अवेळी बाहेर आलेली गाडी संशयाने पाहिली. आणि त्या वनवाल्याने काय केलं? सकाळपर्यंत थांबला नाही. बर्फ पडत राहिला असता तर सकाळी काही नसतं. मी तुझ्या बाजूचा नाही, पण या एका गोष्टीवर मी तुझ्याबरोबर आहे. केस बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत सुटते किंवा बुडते. नंतर पथक नेमा, आयोग नेमा, उरलेलं सगळं जुन्या कागदात शोधायचं काम.

मी : आणि तो कपडा जपणारा माणूस प्रत्येक केसमध्ये नसतो.

मामा : नसतो.

मी : पथकाचंही तेच झालं. भरात असताना तिथे सत्तरच्या आसपास माणसं होती. मग पैसा आणि माणसं कमी होत गेली. मोबाइलचे टॉवर बघा. मैलोन्मैल सिग्नल नव्हता, गाडी बंद पडली किंवा कोणी मागे लागला तर फोन लागत नसे. २००६ च्या परिषदेतही फोनबद्दल बोलणं झालं होतं. बारा टॉवर उभारून मधले २५२ किलोमीटर जोडायची योजना जाहीर झाली ती २०२१ मध्ये.

मामा : पंधरा वर्षं. टॉवर लागला की तपासालाही उपयोग. कोणता फोन कोणत्या वेळी कुठे होता ते कळतं. बघ, तुझी बस आणि माझा तपास इथे एकाच खांबावर येतात.

मी : तरी तुम्ही यादीच्या विरोधात?

मामा : यादीच्या विरोधात नाही. यादी कोणी करायची ते सांगतो. आपल्याकडे तपास लागला नाही की 'अ' समरी करून कोर्टात पाठवतात. गुन्हा खरा, आरोपी मिळत नाही. फाइल बंद. घरच्यांना कागद मिळतो, कित्येकदा तोही मिळत नाही. मला वाटतं ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याच्या परवानगीशिवाय ती फाइल बंद होऊ नये, आणि नवा अधिकारी आला की त्याने आधी त्या घरी जाऊन बसावं. तिथे एक आई दरवर्षी जूनमध्ये मुलीसाठी रस्त्याने चालते म्हणालीस. त्या चालण्यात त्या ठाण्याचा अधिकारी असायला हवा. गणवेशात. बंदोबस्ताला नव्हे, बरोबर चालायला. शंभरातला एक माणूस त्या दिवशी त्याच्या कानात काहीतरी सांगेल. साक्षीदार असाच मिळतो, फलकावर फोन नंबर लिहून मिळत नाही.

मी : अविश्वास आहे तिथे कोणी कानात सांगणार नाही. पहिल्या वर्षी तर नाहीच.

मामा : दहाव्या वर्षी सांगेल. पण दहा वर्षं तोच अधिकारी तिथे पाहिजे. बदल्या होतात ना.

मी : तिथेही होतात. लांबच्या ठाण्यांत तरुण पोरं येतात आणि दोन-चार वर्षांत निघून जातात.

मामा : मग हा मुद्दा त्या २३१ मध्ये पहिला घाला. आणि दुसरं एक लिही तुझ्या लेखात. ते १९७४ चं प्रकरण. खुनी छपरं घालायच्या कामावर होता ना? म्हणजे कुठेतरी त्याची हजेरी होती, पगाराची पावती होती. १९८९ च्या त्या कुटुंबाला ज्याने कॅम्पवर काम देतो सांगितलं, तो खरं बोलत असेल किंवा खोटं, पण तो कॅम्प ओळखणारा माणूस होता. लाकूडतोडीच्या कंपन्यांची, कंत्राटदारांची जुनी हजेरीपुस्तकं, इंधनाच्या पावत्या, लाकडाच्या ट्रकांची वजनं, कुठला फाटा कुठल्या महिन्यात कोणाला दिला होता त्याचे सरकारी परवाने, हे सगळं कोणीतरी गोळा केलंय का? सत्तर सालापासूनचं?

मी : काही तपासलं असेल. सगळं एका जागी आणलेलं माझ्या वाचनात नाही आलं.

मामा : तेच आणायला हवं. कारण ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, मरतायत. कंपन्या बंद होतायत, विकल्या जातायत, कागद रद्दीत जातायत. गोदाम रिकामं करताना कोण विचारणार आहे, हे १९८९ चं रजिस्टर ठेवू का म्हणून? त्या सरकारला बस द्यायला अकरा वर्षं लागली. हे काम करायला अकरा वर्षं नाहीत त्यांच्याकडे.

मी : हजेरीपुस्तकात कंपनीच्या माणसांची नावं असतील, मामा. रोजंदारीवर, रोखीने, एक आठवडा आलेल्याचं नाव कुठे असणार?

मामा : मुकादमाला आठवत असेल. स्वयंपाक करणाऱ्याला तर नक्की आठवत असेल. कॅम्पवर जेवायला कोण होतं ते स्वयंपाकी कधी विसरत नाही. त्याला जाऊन विचारा.